उद्घाटनाची फेरी

बस डेपोत दिवसभर माईकवर बोलणाऱ्या बाईला चारचौघांत बोलायची भीती वाटते, हे सांगून कुणाला पटलं नसतं. पण ते खरं होतं. डेपोतल्या काचेच्या खोलीत ती एकटीच असायची. गाडी कुठली, फलाट कुठला, सुटणार कधी, एवढंच सांगायचं. उलटून कुणी काही विचारत नसे. मोटार शर्यतींच्या क्लबातल्या लोकांनी मात्र तिचा आवाजच तेवढा ऐकला होता. क्लबाला पंचविसावं वर्ष लागलं तेव्हा अध्यक्षांनी भर सभेत सांगून टाकलं, "प्रसिद्धीचं सगळं वहिनी बघतील. असा खणखणीत आवाज आहे का दुसऱ्या कुणाचा?"

अध्यक्षांचं रंगाचं दुकान होतं, म्हणून त्यांना सगळे रंगशेठ म्हणत. क्लब हौशी मंडळींचा होता. कुणी दाताचा डॉक्टर, कुणी वेल्डर, कुणी शाळेत मास्तर. सुट्टीच्या दिवशी गावाबाहेरच्या, विमानं यायची केव्हाच थांबलेल्या धावपट्टीवर आपापल्या जुन्या गाड्या पळवायच्या आणि दुसऱ्या दिवशी अंग चोळत कामावर जायचं. हा उद्योग सुरू केला होता तिच्या सासऱ्यांनी. त्यांचं गॅरेज होतं आणि सगळा गाव त्यांना उस्ताद म्हणे. भंगारातली एक दूधगाडी कापूनकुपून त्यांनी क्लबाची पहिली गाडी बनवली होती. ती घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली अजून उभी होती. उस्तादांचे हात मात्र अलीकडे थरथरू लागले होते. चहाचा कप घरातलं माणूस अर्धाच भरून देई, आणि अर्धा का, हे ते कधी विचारत नसत.

गावच्या रेडिओवर तिची मुलाखत ठरली. प्रदर्शन, गाड्यांची मिरवणूक, मुलांसाठी चित्रकलेची स्पर्धा, असं सगळं तिने घोकून ठेवलं होतं. ते एका दमात बोलून झालं. समोरची मुलगी गोड हसली आणि म्हणाली, "हे छानच आहे. पण ताई, खास काय?"

समोर लाल दिवा जळत होता, म्हणजे आपण गप्प बसलेलंही सगळ्यांना ऐकू जातंय, एवढंच तिच्या डोक्यात येत राहिलं.

"क्लबाची पहिली गाडी पुन्हा धावणार आहे," ती बोलून गेली.

"अरे वा! चालवणार कोण?"

"ज्यांनी बनवली तेच. आमचे सासरे."

हे आपण काय बोललो, ते तिला बोलून झाल्यावर कळलं. पण तोंडातून गेलेला शब्द माघारी कसा यायचा?

घरी आली तर नवरा दारातच उभा. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. वेगाचं आणि त्याचं कधी जमलंच नाही. "काय बोलून बसलीस?" तो हळूच म्हणाला. "मागे जाऊन बघ जरा."

मागे शेडमध्ये उस्तादांनी ताडपत्री एकट्याने ओढून काढली होती. सदरा काळा झाला होता आणि चेहरा असा उजळला होता की खरं काय ते तिला सांगवेना. "आधी सांगायचंस की गं मला," ते म्हणाले. "इंजिन केव्हाच उघडायला घेतलं असतं!"

त्या दिवसापासून तिची झोप उडाली. रंगशेठनी पोस्टरं छापली. त्यावर उस्तादांचा तरुणपणीचा फोटो, ओठात हसू, डोक्यावर टोपडं बांधावं तसं हेल्मेट. एक पोस्टर नेमकं डेपोसमोरच्या भिंतीवर लागलं. काचेतून मान वर केली की सासरे तिच्याकडे बघत असत. एकदा तर त्या नादात तिने तिसऱ्या फलाटावरची गाडी पाचव्या फलाटावर पुकारली आणि प्रवाशांची ही झुंबड उडाली.

ती रंगशेठच्या दुकानात गेली. "एवढी एक फेरी रद्द करा. त्यांना नाही झेपायचं."

"वहिनी, अहो, कार्यक्रमाचा जीवच तो आहे! लोक त्यासाठी येणार. मग त्यांना काय रंगाचे डबे दाखवू?"

उस्तादांच्या डॉक्टरांकडे गेली. ते म्हणाले, "गाडी? त्यांना सही करताना त्रास होतो हो. आणि हे वाढतच जाणार." मग तिने नवऱ्याला गळ घातली. "तुम्ही सांगा ना त्यांना. मुलगा आहात."

"तुझ्या जिभेने करून ठेवलंय, तूच निस्तर," तो फणकारला. पण लगेच खाली बसला आणि म्हणाला, "मला नाही गं जमायचं. सायकलसुद्धा त्यांनीच शिकवली मला."

शेवटी ती स्वतःच शेडमध्ये गेली. उस्ताद एक नट लावत होते. तो हातातून सुटला, टणटण करत चाकाखाली गेला. तिने उचलून दिला. पुन्हा सुटला. पुन्हा दिला. दोघांनीही काही झालंच नाही असं दाखवलं.

"हात असे रिकामे असले की नाचतात," तेच म्हणाले. "स्टिअरिंगवर ठेवले की गप्प. बघ." ते गाडीत बसले, स्टिअरिंग धरलं. हात खरंच गप्प झाले. तिने श्वास रोखून बघितलं. असेलही खरं, तिला वाटलं. आणि जे सांगायला आली होती ते तसंच गिळून ती स्वयंपाकघरात परत गेली.

मग तिने दुसरा मार्ग धरला. वळणांवर गवताच्या पेंढ्या रचायला लावल्या. दोर मागे ओढून प्रेक्षकांना लांब नेलं. रुग्णवाहिका सांगून ठेवली. आणि वेल्डरकडून ॲक्सिलरेटरच्या पेडलखाली लाकडाचा ठोकळा बसवून घेतला, म्हणजे पाय कितीही दाबला तरी गाडी फार पळू नये.

उस्तादांच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं. "हा ठोकळा कुणी घातला?"

"मी."

"माझ्यावर भरवसा नाही?"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "नाही, बाबा. लोक असणार, लेकरं असणार. मला भीती वाटते. तुमच्या शेजारी मीही बसणार आहे."

ते फडक्याने हात पुसत राहिले, स्वच्छ झाले तरी पुसत राहिले. "बस," शेवटी म्हणाले. "पण किंचाळायचं नाही."

ठोकळा तसाच राहिला.

प्रसिद्धी उत्तम झाली होती, आणि त्याचाच तिला घोर लागला होता. उद्घाटनाच्या दिवशी धावपट्टीच्या कडेला माणूसच माणूस. बापांच्या खांद्यांवर मुलं. नवरा दोराजवळ उभा राहून चष्मा पुसत होता, घालत होता, परत पुसत होता. ती हेल्मेट घालून सासऱ्यांशेजारी बसली. एक हात हँडब्रेकवर. गाडी खोकली, धुराचा लोट सोडला आणि निघाली. लोकांनी एकच गलका केला.

सरळ पट्टीवर सगळं ठीक होतं. उस्तादांचे हात दगडासारखे स्थिर. तिचा जीव जरा खाली पडला. मग वळण दिसलं, पेंढ्या दिसल्या, पेंढ्यांमागचे चेहरे दिसले, आणि स्टिअरिंग थरथरू लागलं. आधी थोडं, मग सगळंच. तिने हँडब्रेक घट्ट धरला. ओढू की नको? ओढला तर या माणसाची एवढ्या लोकांत काय शोभा? आणि नाही ओढला तर?

तिचं ठरायच्या आतच गाडीचा वेग उतरला. उस्तादांनी ब्रेक दाबला होता. वळणाच्या बऱ्याच अलीकडे गाडी थांबली. त्यांनी इंजिन बंद केलं.

लाऊडस्पीकरवरून रंगशेठ गरजले, "जुनी गाडी आहे मंडळी, कुरकुरणारच! पडली बंद! जरा धक्का मारायला या!" लोक हसले.

"माईक मागव," उस्ताद म्हणाले.

"राहू द्या ना, बाबा. गाडी बंद पडली असं वाटतंय लोकांना, तर वाटू दे."

"का? गाडीने काय कुणाचं घोडं मारलंय?"

रंगशेठ माईक घेऊन धापा टाकत आले. उस्तादांनी तो दोन्ही हातांनी धरला, तरी तो हनुवटीवर आपटत होता आणि ती खडखड सगळ्या मैदानाला ऐकू गेली. "गाडी ठणठणीत आहे," ते म्हणाले. "बंद मी पडलोय. हात ऐकत नाहीत आता. पुढे वळणावर माणसं आहेत, म्हणून थांबलो."

कुणी हसलं नाही, कुणी टाळीही वाजवली नाही. एवढ्या माणसांत एखादं पोर तेवढं रडत होतं. ते तिला सोसेना. मग उस्तादच रंगशेठकडे वळले. "पंचवीस वर्षं मागे लागला आहेस ना माझ्या, एकदा तरी चालवू द्या म्हणून? ये, बस."

मघाशी गरजणारे रंगशेठ पांढरेफटक पडले. पोट आत ओढून कसेबसे स्टिअरिंगमागे शिरले आणि ठोकळ्याच्या कृपेने त्यांनी ती फेरी वरातीतल्या घोड्याच्या चालीने पुरी केली. तेव्हा कुठे टाळ्या सुरू झाल्या, आणि मग थांबेनात.

ती आणि सासरे धावपट्टीवरून चालत परत आले. त्यांनी तिचं कोपर धरलं होतं.

"तोंडावर सांगायचं होतंस," ते म्हणाले.

"धीर झाला नाही."

"हं." चार पावलं गेल्यावर म्हणाले, "सांगितलं असतंस तर मी ऐकलं असतं असंही नाही."

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी आली, क्लबात नवी माणसं आली, रंगशेठ आठवडाभर हवेत होते. घरात मात्र तो आठवडा जड गेला. उस्ताद शेडकडे फिरकले नाहीत. जेवताना मान खाली. ती डेपोत कामावर असली तरी तिचा जीव घरी असायचा. मग एका सकाळी ते चप्पल घालून उभे राहिले. "चल, त्या डॉक्टरकडे जाऊ."

डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी तिला विचारलं, "हे वाढतच जाणार का गं?"

काहीतरी गोड बोलावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं. "हो, बाबा," ती म्हणाली. "वाढेल म्हणालेत. औषध घेतलं तर जरा हळू वाढेल."

त्यांनी मान हलवली. मांडीवरचे हात बघत म्हणाले, "मग गाडी कुणाच्या हातात द्यायची, ते आतापासूनच बघायला हवं."

"बघू की."

"रंगशेठच्या नको," ते म्हणाले. "माणूस चांगला आहे. पण क्लच जाळील."