चीनच्या भातावरचा माझा सेमिनार

इतिहासाच्या सरांनी मला सेमिनारला विषय दिला: चीनमधल्या सरकारी मोहिमा आणि तिथली खेडी. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. विषय बदलून मागता येतो हेसुद्धा मला माहीत नव्हतं. वर्गात बोलायची धास्ती होती, म्हणून शनिवारी गावी गेल्यावर आईसमोर वाचून बघितलं. आई ज्वारी पाखडत होती.

"विक्रमी पीक दाखवा, असा वरून हुकूम आला. मग गावकऱ्यांनी चार शेतांतलं भात उपटून एकाच शेतात दाटीनं लावलं आणि साहेबांना तेवढंच दाखवलं," मी वाचलं.

आई सूप खाली ठेवून हसायलाच लागली. "अगं, ही तर तुझ्या आप्पांची गोष्ट हाय की!"

तेव्हा मला कळलं. मागं गावात झाडं लावायची मोहीम आली होती. रोपं सांभाळायचं काम माझ्या वडिलांकडं, आप्पांकडं होतं; ती शेळ्यांनी खाल्ली. तपासणीच्या दिवशी सकाळी आप्पांनी कडुलिंबाच्या फांद्या तोडून खड्ड्यांत रोवल्या. साहेब आले दुपारी. तोवर सगळ्या फांद्यांनी माना टाकल्या होत्या.

"साहेब म्हणाले, ही अशी का? तर तुझे आप्पा म्हणत्यात, नवी माणसं बघून लाजल्यात, साहेब. चार दिसांनी उठतील. साहेबांनी लिवून घेतलं की!"

मी पुढचं वाचलं. ते खोटं पीक खरं धरून सरकारनं गावातलं धान्य नेलं.

आई हसायची थांबली. "मग त्यांनी खाल्लं काय?"

"लई माणसं उपाशी मेली, आई."

तिनं सूप पुन्हा हातात घेतलं. मग म्हणाली, "आप्पांचं कॉलेजात सांगू नको हां. गावात मान हाय त्यांना."

सोमवारी मी न अडखळता वाचलं. शेवटी सरांनी विचारलं, "गावकरी खरं का बोलले नाहीत?"

"भीतीनं," मी पुस्तकातलं सांगितलं.

"एवढंच?"

पुस्तकातलं संपलं होतं; मी आप्पांचं सांगून बसले. शहरातल्या, जुळे सोलापूर भागातल्या मुली बाकावर डोकं टेकून हसल्या. मी घाईघाईनं म्हणाले, "सर, साहेबांना झाडं नकोच होती. सगळं ठीक आहे, एवढंच ऐकायचं होतं. आमच्याकडं त्यापायी कुणी उपाशी राहिलं नाही, इतकाच फरक."

सर हसले नाहीत.

संध्याकाळी मला राहवेना. फोन करून आप्पांना सगळं सांगितलं.

"माझं नाव घेतलंस?"

"न्हाय आप्पा. नुसतं 'माझे वडील' म्हणाले."

"मग लपून ऱ्हायलं काय, बया!" असं म्हणून ते आईला ओरडले, "अगं ऐकलंस का? चीनच्या धड्यात गेलो की मी!"