प्रभूशी बोलणारी शेजारीण

महाराष्ट्र राज्य नवं झालं त्या सुमारास नांदुऱ्याला आमच्या शेजारी एक ख्रिस्ती बाई राहायची. भांडी घासता घासता ती प्रभूशी मोठ्यानं बोलायची. "प्रभू, यायचा खोकला जाऊन नाई राह्यला, पाह्य जरा." नवऱ्याचा खोकला थांबला की साऱ्या आळीला अभिमानानं सांगायची.

एका दुपारी घटसर्पानं तिच्या धाकट्या मुलीला श्वास घेता येईना. नवरा कामावर होता, खामगावची बस निघून गेली होती. मी धावत गेले, तर ही डोळे मिटून गुडघ्यांवर बसलेली. मला संताप आला.

"अहो, उठा! पोर हातची जाईल!"

ती उठली, मुलीला खांद्यावर घेतलं आणि थेट सडकेच्या मधोमध जाऊन उभी राहिली. कापसाचा ट्रक हॉर्न वाजवत आला. ती हलली नाही. ट्रक तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला आणि ड्रायव्हर शिव्या देऊ लागला.

"शिव्या मंग दे भाऊ, पयले पोरीले दवाखान्यात पोचव."

मुलगी वाचली. त्या घरी आल्यावर मी म्हटलं, "तुमच्या प्रभूनं ऐकलं हो."

"हाव, ऐकलं," ती हळूच म्हणाली. "पण टरक थांबेपर्यंत मले भरोसा नोता, वहिनी. हे कोनाले सांगू नका."