इंजिनिअरचा मुलगा

हे मी गेल्या रविवारपर्यंत कोणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, मित्रांना नाही, आणि ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. आता तुम्हाला सांगायला बसलोय — आणि बघा, कुठून सुरुवात करावी हेच सुचत नाहीये. खोटं बोलायला मला एक शब्द पुरला होता. खऱ्याला किती लागतील कोण जाणे.

इंजिनापासून सुरुवात करतो. ते सोपं आहे.

अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरीपासून तासाभराच्या अंतरावर, एका बंद पडलेल्या गिरणीच्या मागे, पत्र्याची लांबलचक शेड आहे. तिथे एडिथ राहते. एडिथ म्हणजे वाफेचं इंजिन — अस्सल ब्रिटिश, सहा चाकांचं, गडद हिरवं, पाण्याची टाकी बॉयलरच्या पाठीवर खोगिरासारखी टाकलेली. तिकडे कोळशाच्या खाणीवर मालगाडीच्या वाघिणी ढकलण्यात तिची उमेदीची वर्षं गेली आणि मग कुणा हौशी अमेरिकन माणसाने तिला जहाजात घालून इकडे आणलं. इथल्या इंजिनांपुढे ती अगदी चिमुरडी दिसते. इथल्या इंजिनांचा भोंगा छातीत घुमतो, एडिथची शिट्टी बारीक आणि चिरकी. पहिल्यांदा आलेली माणसं ती ऐकून हसतात. आम्ही हसत नाही.

आम्ही म्हणजे दर शनिवारी घरच्यांच्या शिव्या खाऊन तिथे जमणारे पंधरा-वीस वेडे. कुणी तिची पितळी घुमटी घासतं, कुणी चाकांच्या दांड्यांना तेल घालतं, कुणी नुसतंच बाकावर बसून तिच्याकडे बघत राहतं. त्या बघत बसणाऱ्यांनाही आमच्यात पूर्ण मान आहे. गरम तेल, ओला कोळसा आणि वाफ यांचा मिळून जो वास येतो तो मला कशासारखा वाटतो हे सांगता येत नाही. मी आठवडाभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो. त्या चुका हाताला लागत नाहीत, त्यांना वास नसतो. एडिथला हात लावला की हात काळा होतो, आणि त्याचं मला अजून अप्रूप आहे. मी तिला एडिथबाई म्हणतो. आता तिकडचे सगळेच "बाई, बाई" करतात.

माझी बायको मधुरा म्हणते, "यार, एवढं प्रेम माझ्या गाडीवर केलं असतंस तर तिचं ऑइल चेंज तरी वेळेवर झालं असतं." तिचं बरोबर आहे.

बघा, पुन्हा रमलो. मुद्द्यावर येतो.

मी पहिल्यांदा शेडवर गेलो तेव्हा तिथे मला ओळखणारं कोणी नव्हतं, आणि माझ्यासारखा दिसणाराही कोणी नव्हता. तिथला मुख्य म्हणजे वॉल्टर — सत्तरी ओलांडलेला, आयुष्य मशीन शॉपमध्ये काढलेला, बोलणं कमी आणि तेही अर्धं गिळलेलं. त्याने माझ्या हातात गंज खरवडायची पट्टी दिली. सगळ्यांची सुरुवात तिथूनच होते. दुपारी सँडविच खाताना त्याने सहज विचारलं, तुझे वडील काय करायचे?

मी म्हणालो, "इंजिनिअर होते. सरकारी."

हे शंभर टक्के खरं आहे. माझे बाबा पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. फलटणच्या बाजूला कालव्यांवर त्यांची नोकरी झाली. आपल्याकडे हा शब्द किती कौतुकाने उच्चारतात ते मी तुम्हाला काय सांगणार? लहानपणापासून मी तो तसाच ऐकला होता, तसाच बोललो.

पण वॉल्टरचा चेहरा एकदम उजळला. त्याने सँडविच खाली ठेवलं, माझ्याकडे नीट पाहिलं आणि एकच शब्द विचारला — "स्टीम?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अमेरिकेत रेल्वेच्या माणसांसाठी इंजिनिअर म्हणजे आगगाडी चालवणारा. ड्रायव्हर. हे मला माहीत होतं, वाचलेलं होतं. फक्त त्या क्षणी लक्षात नव्हतं. आणि लक्षात आल्यावर — इथे ऐका, कारण सगळं इथेच आहे — लक्षात आल्यावर मी "नो" म्हणू शकत होतो. हसून सांगितलं असतं तर चांगला विनोद झाला असता. मी "यस" म्हणालो.

का म्हणालो? मला तिच्यावर चढायचं होतं. खरवडायची पट्टी टाकून आत, त्या भट्टीसमोर उभं राहायचं होतं. आणि त्याहून जास्त म्हणजे, त्या माणसाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं होतं ती मला सोडवेना.

त्यानंतर सगळं सोपं होत गेलं. डेबी नावाची एक शाळेतली शिक्षिका माझ्या आधीपासून तिथे खपत होती. भट्टीत कोळसा टाकायला, म्हणजे फायरमनचं काम शिकायला, पुढचा नंबर तिचा होता. वॉल्टरने तिला थांबवलं आणि मला घेतलं. म्हणाला, हे याच्या रक्तात आहे. डेबीने माझ्या पाठीवर थाप मारून अभिनंदन केलं. मी मूग गिळून बसलो. रक्तात काय होतं माझ्या? माझ्या घरात रेल्वेशी कोणाचा संबंध आला असेल तर तो तिकीट काढण्यापुरता.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी कदाचित हे लिहिलं नसतं. पण मग बाबा आले.

आई गेल्यानंतरचा तो त्यांचा पहिला उन्हाळा होता. घरात बसून ते कंटाळायचे, म्हणून त्यांना शेडवर न्यायचं मधुराने परस्पर ठरवलं. माझा जीव टांगणीला लागला. बाबांचं इंग्रजी सरकारी — मसुदा लिहायला बसले तर एक चूक सापडायची नाही. पण वॉल्टरचे गिळलेले उच्चार त्यांच्या पलीकडचे, त्यात बाबांच्या कानात ऐकायचं मशीन आणि शेजारी फुसफुसणारं इंजिन. मी म्हटलं, मध्ये मी आहे, निभेल.

आम्ही आत शिरलो तर सगळे रांगेत उभे. वॉल्टरने डोक्यावरची टोपी काढली. दोन्ही हातांनी बाबांचा हात धरला आणि म्हणाला, "ॲन ऑनर, सर." एवढं बाबांना कळलं. मग त्याने त्यांच्यासाठी एडिथची शिट्टी वाजवली — एकदा नाही, तीनदा. बाबा सरळ ताठ उभे राहिले. माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "अरे, इथे इंजिनिअरला केवढा मान आहे!"

मी मान हलवली.

आणि आता ते, ज्यासाठी मी हे सगळं सांगतोय. वॉल्टरने मला म्हटलं, त्यांना विचार, पाणी कमी पडायला लागलं की ते काय करायचे? तो बॉयलरमधल्या पाण्याबद्दल विचारत होता. भट्टीवरचं पाणी उतरलं तर बॉयलर फुटू शकतो, म्हणून एका उभ्या काचेत ते सतत दिसत राहतं. मी बाबांकडे वळलो आणि मराठीत तेवढंच विचारलं — पाणी कमी पडायला लागलं की काय करायचात?

बाबांचा चेहरा फुलला. इतक्या लांब येऊन कोणीतरी त्यांना नेमकं त्यांच्या कामाचं विचारलं होतं. ते म्हणाले, "पाणी कमी झालं की पहिलं टेलला द्यायचं. कालव्याच्या शेवटाला. वरच्यांच्या दारातूनच कालवा जातो, ते ओरडून घेतात आपलं आपण. शेवटच्या माणसाचं ओरडणं आपल्यापर्यंत पोचत नाही, म्हणून त्याच्यापासून सुरुवात. लोक अंगावर आले माझ्या, बदलीची धमकी दिली, पण मी शेवटापासूनच दिलं." हात पुढे करून त्यांनी हवेत कालवा काढून दाखवला. सगळे त्या हाताकडे बघत होते. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी इंग्रजीत म्हणालो, "ते म्हणतात, काचेवरून नजर हटवू नका."

हे वाक्य शिकाऊ फायरमनच्या पुस्तकात पहिल्याच पानावर असतं. वॉल्टरने मात्र ते डोळे मिटून ऐकलं. पुढच्या शनिवारी ते शेडच्या भिंतीवर रंगवलेलं होतं — भारतातला जुना इंजिनिअर सांगतो म्हणून. नव्या आलेल्या प्रत्येकाला ते दाखवतात. मी त्याच्याखाली उभा राहून कित्येकदा डबा खाल्लाय.

मी फक्त थाप मारली असं नाही. माझ्या बापाच्या आयुष्याचं सार त्याच्या तोंडून बाहेर पडलं होतं, ते मी त्याच्यासमोर गिळलं आणि त्याजागी पुस्तकातलं वाक्य ठेवलं. त्याला कळणार नाही याची खात्री असल्यामुळे ठेवलं. याला काय म्हणतात? मला शब्द सापडत नाही, आणि खरं म्हणजे सापडतो.

बाबा साताऱ्याला परत गेले. कट्ट्यावर, लग्नात, दवाखान्याच्या रांगेत ते सांगत सुटले की अमेरिकेत गोऱ्या माणसाने माझ्यासाठी टोपी काढली. मी स्वतःला समजावत राहिलो, की बघ, म्हातारा किती खूश आहे, आता कशाला मोडायचं? ही सबब फार सोयीची होती. पुढे एडिथचा बॉयलर दुरुस्तीला काढला, ती काही वर्षं थंड पडली, आणि माझं खोटंही तिच्याबरोबर झाकून राहिलं.

या वसंतात ती पुन्हा पेटणार आहे. वॉल्टरने तिच्या केबिनमध्ये लावायला एक पितळी पाटी करून घेतली आहे. बाबांचं नाव आणि खाली एकच शब्द — इंजिनिअर. बघा गंमत, त्या पाटीवर एक अक्षर खोटं नाही. मी नुसता गप्प राहिलो तरी पुरे होतं. पाटीवरचा पडदा बाबांनी काढायचा, त्यासाठी त्यांचं तिकीटही काढलंय.

बाबांनी चार वाक्यांचं भाषण तयार केलं. रविवारी व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं. पहिलंच वाक्य, मी निवृत्त इरिगेशन इंजिनिअर आहे. आणि मी — इतकी वर्षं झाल्यावर, पन्नाशीला आलेला मी — पटकन म्हणालो, "बाबा, ते इरिगेशन काढा. इथल्यांना तुमचा उच्चार कळणार नाही."

"बरं," ते म्हणाले. खिशातलं पेन काढलं, चष्मा वर केला आणि तो शब्द खोडला. नीट, सरळ रेघ मारून.

ती रेघ मारताना मी त्यांना पाहिलं. मग मी सांगितलं. सगळं, सँडविचपासून.

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि ते खिशात ठेवलं. मागे टीव्ही चालू होता. मग म्हणाले, "म्हणजे त्या गृहस्थांनी टोपी काढली ती…"

"ड्रायव्हरसाठी, बाबा."

"मग मी येऊ की नको?"

"या," एवढंच म्हणालो.

मग जरा वेगळ्याच आवाजात, कामावर असताना हाताखालच्या माणसाशी बोलायचे त्या आवाजात, ते म्हणाले, "तेव्हाच मला वाटलं होतं. मी एवढं बोललो आणि तू एका वाक्यात संपवलंस. म्हटलं, इंग्रजीत कमी शब्दांत होत असेल. म्हणजे टेलचं त्यांना कळलंच नाही?"

"नाही."

"मग आता सांग. पाटीचं नंतर बघू. आधी ते सांग."

काल शनिवार होता. एडिथच्या भट्टीत चाचणीची पहिली आग लावली होती, लाकूड नुकतं धरत होतं. मी वॉल्टरला केबिनमध्ये गाठलं. डेबीलाही बोलावलं, कारण तिचंही मी घेतलं होतं. मी सांगत होतो तोवर वॉल्टर फडक्याने पाण्याची काच पुसत होता. सांगून झालं तरी पुसतच राहिला. डेबीने एकदा खाली भिंतीवरच्या वाक्याकडे पाहिलं आणि मग आगीकडे. मी काही मागितलं नाही, मागण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

शेवटी, माझ्याकडे न बघता, वॉल्टरने विचारलं, "मग ते खरं काय म्हणाले होते?"

मी हात पुढे केला आणि हवेत कालवा काढला. वरची दारं दाखवली, मधली दाखवली, शेवटचा माणूस कुठे उभा असतो ते दाखवलं. सावकाश सांगितलं. या वेळी एकही शब्द गाळला नाही.