"अस्सल गावाचा अनुभव" आणि बाबांचा फोटो

डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून लिहितोय.

आज सकाळी बाबांना घेऊन अमरावतीहून धरणावर गेलो. आमचं नदीकाठचं गाव त्याच पाण्याखाली आहे. बाबा वर्षातून एकदा काठावर जाऊन बसतात, बाकी काही नाही.

यंदा तिथं तंबूंचा कॅम्प झालाय. गेटवरच्यानं अडवलं, "बुकिंग आहे का?"

मी म्हटलं, "दादा, पानी पाहाले बुकिंग कायले लागते?"

हो-नाही करत त्यानं दहा मिनिटांसाठी सोडलं.

खरं गाव पाण्यात, अन् काठावर पाटी, "अस्सल गावाचा अनुभव घ्या!" खाली बैलगाडी, चूल, बाज. बाबा थकले होते, बाजेवर टेकले. अंगावर नेहमीचंच धोतर आणि टोपी.

तेवढ्यात एक पाहुणी मोबाईल घेऊन आली. तिला वाटलं, बाबांनाही कॅम्पवाल्यांनीच सजावटीला बसवलंय. "आजोबा, जरा हसा ना!"

मी भडकणार, तोच बाबा म्हणाले, "काढ बाई. पन मांगचं पानी येऊ दे त्याच्यात. तिथं आमचं घर हाये."

ती हसली, फोटो काढला अन् गेली.

तुमच्या कोणाच्या ग्रुपवर तो फोटो आला, तर मला पाठवाल का? आमच्या घराचा दुसरा फोटोच नाही आमच्याकडं.