रांगेतला निळा हंडा

आमच्या खिडकीतून टँकरची रांग दिसते. माणसांची नव्हे, हंड्यांची. बायका सकाळीच हंडे ओळीत लावून कामाला जातात, आणि दुसरीच्या हंड्याला हात लावायचा नाही, हा इथला कायदा. पूर्वी ही रांग मे महिन्यात लागायची. आता होळीच्या आधीच लागते. ऊन लवकर येतं, विहीर लवकर आटते, भांडणंही लवकर पेटतात. गेल्या उन्हाळ्यात नंबरावरून शोभाताई आणि मंगल यांची अशी जुंपली, की बोलणंच बंद झालं. पाण्यावरून देश लढतील म्हणतात. मला ती लढाई या दोन हंड्यांमधल्या वीतभर जागेतच दिसायची.

आज टँकर अवचित लवकर आला. मंगल कामावर होती. शोभाताईंनी आपला हंडा भरला, मग कायदा मोडून मंगलचा निळा हंडा पाइपाखाली ओढला.

"बोलणं सुरू झालं वाटतं!" मागून कुणीतरी म्हणालं.

"छे! भांडण तिच्याशी आहे, तिच्या हंड्याशी नाही."

सगळी रांग खळखळून हसली. खिडकीत मीसुद्धा.

मंगल धापा टाकत आली, तर हंडा काठोकाठ भरलेला. बायकांनी नुसतंच शोभाताईंच्या दाराकडे बोट दाखवलं. मंगलने हंड्यातलं पहिलं तांब्याभर पाणी काढलं आणि त्या दारातल्या तुळशीला घातलं.