पालखीच्या मापाचं दार

महाडात माझं दारं-खिडक्यांचं दुकान आहे, अॅल्युमिनियम आणि लोखंडी. माप घ्यायला मी स्वतः जातो, कारण गिऱ्हाइकाने सांगितलेल्या मापावर माझा काडीचा विश्वास नाही. मुंबईकर तर फोनवर दाराचा फोटो पाठवतात आणि म्हणतात, अंदाजे धरा. अंदाजाने भाताला पाणी ठेवतात, दार करत नाहीत.

अलीकडे पोलादपूरच्या वरच्या वाड्यांमधून बोलावणं आलं की निघण्याआधीच माझं मन उतरतं. तिथलं काम बहुतेक एकाच प्रकारचं असतं: खिडकीला जाळी, दाराला जाड कडी, कडीला कुलूप. घरात आता कोणी राहणार नाही म्हणून मी मापं घेत असतो. धंदा बरा चालतो, हे सांगायलाही लाज वाटते.

कशेडीच्या अलीकडे आत वळणाऱ्या रस्त्यावर एक वाडी आहे. पाऊस सरल्यावर तिथे एका घरी गेलो. मुलगा मुंबईला, घरात म्हातारे वडील एकटे. फणसाच्या लाकडाचं जुनं दार खालून वाळवीने खाल्लेलं. मुलाने मला सांगून ठेवलं होतं, की जुनी चौकट काढा, तीन फुटी लोखंडी दार बसवा आणि उरलेली जागा बांधून टाका.

मी टेप लावली. जुनं दार गुण्यात, म्हणजे काटकोनात, कधीच नसतं. वर, मध्ये, खाली तिन्ही मापं वेगळी येतात आणि त्यातलं सगळ्यात लहान धरायचं असतं. मी वाकून खालचं माप घेत होतो तेवढ्यात बाबा गुडघे धरत उठले आणि दारामागून एक बांबूची काठी घेऊन आले. धुराने काळी पडलेली.

"टेप ऱ्हाऊ द्या, मिस्त्री. आमच्या वाडीत दार ह्या काठीनं मापतात."

ती पालखीच्या मापाची काठी होती. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. पुढे दोघं, मागे दोघं, खांद्याला खांदा लावून. उंबऱ्यात ती तिरकी करायची नाही, खाली टेकवायची नाही. म्हणून वाडीतलं प्रत्येक दार त्या काठीच्या मापाने बांधलेलं. काठी आडवी धरली की ती कुठेही न अडता आत गेली पाहिजे.

"तीन फुटात देव येनार नाय," बाबा म्हणाले. "पालखी बसते तिथं सहाणेवर माझ्यानं आता जाववत नाय. वर्साला एकदा तो घरी येतो, तेवढीच भेट हाय. एवढं माझं बघा."

काठी चार फूट भरली. तेवढंच दार करू का, विचारायला मी मुलाला फोन लावला. हातात टेप होती, म्हणून स्पीकरवर.

"चार फुटी दार कशाला?" मुलगा म्हणाला. "दिवाळीनंतर बाबांना मी इकडेच आणतोय. बंद घराला तीन फूट पुष्कळ झाले. सिक्युरिटी पण राहते."

बाबांना हे त्याने अजून सांगितलेलं नव्हतं. ते मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं. काठी तशीच आडवी धरून ते उभे राहिले.

माझं डोकं सणकलं. "चौकट काढली तर वरची भिंत उतरेल, मग मला विचारू नका," असं मी ठोकून दिलं. भिंत चांगली चिऱ्याची, दणदणीत होती. पण भिंतीचं नाव काढलं की मुंबईकर गप्प होतो. चौकट राहिली आणि रुंदीही राहिली.

दार बसवलं त्या दिवशी बाबांनी दोन्ही झडपा उघडायला लावल्या. स्वतः काठी आडवी धरून अंगणातून आत आले. पुन्हा बाहेर गेले, पुन्हा आत आले. मी निघालो तेव्हा म्हणाले, "शिमग्याला या. पालखी बघून जा." मला वाटलं, म्हातारा काही हलत नाही.

शिमग्याला गेलो तर घराला कुलूप. मी बसवलेल्या कडीलाच. बाबांना दिवाळीनंतर खरोखरच नेलं होतं. शेजारची बाई म्हणाली, "पोरगा म्हनाला व्हता किल्ली ठेवतो म्हनून. नाय ठेवली. इसरला असंल."

खालूबाजा वाजत पालखी अंगणात आली. पुढचे दोघे दारापर्यंत आले, त्यांनी कुलूप बघितलं आणि सरावाने मागे वळले. शेजारणीने बंद दाराच्या उंबऱ्यावर नारळ ठेवला. वाडीत अशी कुलपं इतकी झालीत, की कोणी हळहळलंही नाही. मला मात्र फार वाईट वाटलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. बाबा होते. मागे टीव्ही चालू असल्याचा आवाज येत होता.

"मिस्त्री, बाजा आयकू येतो. आली ना पालखी?"

"आली बाबा."

"किल्ली ठेवलीय शेजारी, पोरानं सांगितलंय मला. दाराला कुठं घासली नाय ना?"

मी दाराकडे बघितलं. एक ओरखडा नव्हता.

"नाय बाबा," मी म्हणालो. "कुठंच घासली नाय."

"मग माप बरोबर हाय," ते म्हणाले.