ऊद फिरल्यावर

रफीआची नजर त्या वर्षी झपाट्याने उतरली. डॉक्टर काय म्हणाले ते नातीने, मैथाने, ऐकून घेतलं. रफीआने विचारलंही नाही. एवढंच म्हणाली, "मला शम्माची खोली बघायचीय. दिसतंय तोवर."

शम्मा तिची थोरली बहीण. डोंगरापलीकडे, शारजातल्या मोत्यांच्या व्यापाऱ्याकडे दिलेली. पहिल्याच बाळंतपणात त्या घराच्या आतल्या खोलीत ती गेली. माहेरी, खोरफक्कानला, निरोप पोहोचला तोवर माती देऊन झाली होती. आईने त्या घराची पायरी कधी चढली नाही, आणि तिकडूनही कुणी 'या' म्हटलं नाही. आता ते घर संग्रहालय झालं होतं. कलेचं, विज्ञानाचं आणि हे इतिहासाचं, अशा तिन्हींना मिळून एकच तिकीट.

"थेट तिथेच जाऊ," मैथा म्हणाली.

"बहिणीच्या सासरी असं धावत जातात होय? आधी ती दोन बघू. शहरात आलो होतो, म्हणून डोकावलो, असं दिसायला हवं."

"कुणाला दिसायला, आजी? तिथे आता कुणी राहत नाही."

"तू गाडी चालव."

चित्रांसमोर ती डोळे बारीक करून उभी राहिली. समुद्र फार निळा काढलाय, म्हणाली. विज्ञानाच्या दालनात विजेच्या एका गोळ्याला हात लावताच मुलांचे केस ताठ उभे राहत होते. "भात करपला की तुझे आजोबा अस्सेच दिसायचे," ती म्हणाली, आणि दोघी हसल्या. मग गाडीत ती डोक्यावरची काळी ओढणी पुन्हा पुन्हा सारखी करत राहिली.

शम्माच्या सासरच्या बैठकीत अल्याझिया नावाची तरुण मार्गदर्शक शाळेच्या मुलींना जुना पाहुणचार करून दाखवत होती. तिने रफीआलाही मानाने गादीवर बसवलं. खजूर दिला, कॉफी ओतली. रफीआने पेला हलवून पुरे म्हटलं. आतल्या खोलीचं दार अंगणापलीकडे उघडंच होतं. तिला तिथून नुसता अंधार दिसत होता. तेवढ्यात ऊददाणी फिरत फिरत तिच्यापुढे आली. तिने धूर ओढणीखाली घेतला, डोळे मिटले, "तुमचं घर भरलेलं राहो," म्हणाली आणि उठून बाहेरच्या दाराकडे निघाली.

"आजी, खोली राहिली!"

"ऊद फिरला, बाळा. आता पाहुण्याने थांबायचं नसतं."

अल्याझिया धावत आली. "मावशी, ते मुलींना दाखवायला होतं हो! संध्याकाळपर्यंत उघडं आहे. खुशाल बघा."

"तू या घरातली?"

"नाही, मी रास अल खैमाची."

"मग तू कशी थांबवणार मला?" रफीआने तिच्या गालावरून हात फिरवला. "गोड आहेस. पण मुलीकडचे लोक आम्ही. इथे रेंगाळलो तर शम्माला ऐकून घ्यावं लागेल."

मैथा गाडीची किल्ली काढत तिच्यामागे निघाली.

गाडीत रफीआ बराच वेळ ओढणीचा पदर नाकाशी धरून बसली.

"आईला त्यांनी एवढंही केलं नाही," ती म्हणाली.

"गुरुवारी पुन्हा येऊ या ना, आजी. आधी खोलीच बघू."

"बोलावलं तर येऊ," रफीआ म्हणाली, आणि तिने काच खाली करायला सांगितली.